वरच्या भांड्याची गन

मिस्त्री, या वर्षी दसऱ्याच्या आधी मी बोहरी आळीत एका दुकानात उभी राहून रंग फवारायची गन निवडली. तीन गना काउंटरवर मांडल्या होत्या आणि दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, कुणासाठी पाहिजे?" मी म्हटलं, "तुला विकायची आहे का चौकशी करायची आहे?" तुम्ही शेजारी असतात तर लगेच म्हणाला असतात, बाई, तोंड आवरा, गिऱ्हाईक हाय. पण इथे गिऱ्हाईक मीच होते. घरी आल्यावर वाटलं, ही गोष्ट ज्याला कळेल असा माणूस एकच, आणि तो नेमका मेलेला. म्हणून आता, दसरा उलटल्यावर, लिहायला बसले. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर मुंग्या पांगल्यासारखं येतंय, पण तुम्हाला तरी कुठे फार वाचता येत होतं.

तुमच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि मुलगा कडेवर होता. येरवड्याची आमची खोली आणि तुमची शेड एका हाकेवर. तुम्ही कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मडगार्डच्या पोच्यात लांबीचा लेप भरत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "हितं बाईचं काम न्हाई." मी म्हटलं, "मग घासायला जो बाप्या बसवलाय तो दाखवा." घासायला कुणी नव्हतंच. रंग मारायला सगळे येतात, घासायला कोण येतो. तुम्ही पाण्याची बादली आणि पॉलिश पेपर माझ्या पुढ्यात सरकवलात, झाली नेमणूक. संध्याकाळी मडगार्ड तुमच्या समोर धरलं तर तुम्ही ते बघितलंही नाही. डोळे मिटले आणि तळवा फिरवला. "डोळा चकाकीला भुलतो," म्हणालात, "तळव्यानं बघायचं. हितं दगड ऱ्हायलाय." दगड म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा खरखरीतपणा. मी परत घासायला बसले आणि मनात तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण खरी बोलणी खाल्ली ती तेलाची. कामाला लागून आठवडा झाला असेल नसेल, एका टाकीवर तुम्ही रंगाचा हात मारला आणि बघता बघता रंग जागोजाग फाकला. बारीक बारीक गोल खड्डे, माशाच्या डोळ्यांसारखे. तुम्ही गन खुंटीला टांगलीत, माझ्यासमोर आलात, आणि माझा अंबाडा असा काही हुंगलात की दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी बादली घातली असती डोक्यात. "बाई, डोक्याला त्याल हाय." मी म्हटलं, "डोक्याला नाही तर काय गुडघ्याला लावू?" तुम्ही म्हणालात, "उद्यापास्नं त्याल बंद. न्हाईतर काम बंद." तेव्हा कळलं की केसांवरून हात फिरतो, हात टाकीवर जातो, आणि तेलाचं बोट लागलं तिथे रंग बसायला तयार नसतो. त्या दिवसापासून माझं डोकं कोरडं. सासूबाई आळीभर सांगत फिरायच्या, नवरा धडधाकट असून हिच्या डोक्याला तेल नाही, दळिद्री लक्षण. मी म्हटलं, तेल लावते, मग चूल तुम्ही पेटवा.

तुम्ही गोड बोलल्याचं मला काही आठवत नाही. पण एका दिवाळीला मी शेडमध्ये आले तर पाच-सहा तुपाचे रिकामे डबे रांगेत वाळत ठेवलेले. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचा उरलेला रंग तुम्ही त्यांच्यावर मारला होता. एक जांभळट लाल, एक बाटलीसारखा हिरवा, एक असा निळा की त्या गाडीचा मालक फौजदार होता हे मला अजून आठवतं. "घेऊन जावा, जागा अडवत्यात," म्हणालात. ते डबे अजून आमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात आहेत. सून नवे प्लास्टिकचे आणते, पण तूरडाळ फौजदारातच असते, आणि तीही आता "आई, फौजदार खाली काढून द्या" असंच म्हणते.

मग नव्या गाड्या आल्या. रंग कारखान्याच्या भट्टीतूनच भाजून यायला लागला, ओरखडा पडला तर लोक पार्टच बदलायला लागले. तुम्ही ते प्लास्टिक बोटाने वाजवून म्हणायचात, "ही गाडी हाय का परात?" शेड बंद झाली आणि मागोमाग तुम्हीही. तिथे आता काचेची इमारत आहे. मी एकदा रिक्षातून जाताना मुद्दाम उतरून बघितली. वॉचमनने हटकलं, म्हटला कुणाला भेटायचंय. काय सांगणार होते.

आता ऐका. माझी नात हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला बघायला वारज्याचा एक मुलगा आला, नोकरीला तोही हिंजवडीलाच. म्हणजे त्याने हिला बघितलं आणि आम्ही त्याच्या आईला. पोहे झाले, चहा झाला, मग त्या बाईंनी नातीला विचारलं, "पुरणपोळी येते का गं?" नात म्हणाली, "नाही. पण मी मोटरसायकली रंगवते. घरीच." माझ्या मुलाला चहाचा ठसका लागला. खरी गोष्ट अशी की तिने आयुष्यात एकदा डबीतल्या फवाऱ्याने स्वतःचं हेल्मेट काळं केलं होतं आणि ते हेल्मेट अजून हाताला चिकटतं. पण त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा मी काय म्हणणार? मी म्हटलं, "आमच्याकडे ते पहिल्यापासून आहे." इतका वेळ मान खाली घालून बसलेला तो मुलगा एकदम ताठ झाला. "टाकी करतेस?" नात म्हणाली, "करते की."

पुढच्या रविवारी स्वारी दारात. हातात तांदळाची पिशवी, पिशवीत टाकी. पेट्रोल काढून, धुऊन, वाळवून आणली होती, तेवढी अक्कल होती. एका बाजूला पोचा आलेला आणि जुना रंग उडालेला. म्हणाला, "दसऱ्याला गाडीची पूजा करायचीय, तोपर्यंत झाली तर बरं. मी बसने जाईन." तो गेल्यावर सुनेने नातीला विचारलं, "आवडला का?" नात टाकीकडे बघत म्हणाली, "बरी आहे." मी तिला आत घेऊन विचारलं, "अगं, पुरणपोळी येत नाही म्हणून सांगितलंस ना, तिथेच थांबायचं. पुढची थाप कशाला?" तर म्हणते, "आजी, तू पण मारलीस." आता थाप उघडी पडली तर मुलगा गेला, हे दोघींनाही दिसत होतं. याआधी किती आले आणि गेले, हिने जेवणाचं ताट पुढे ओढलं, बस. या वेळी मात्र ताट तसंच होतं.

तर गन. नात आठवडाभर कंपनीतून येऊन इंटरनेटवर गना बघत होती आणि मी तिला सांगत होते की गन ही बघायची नसते, धरायची असते. शेवटी दोघी रिक्षाने गेलो. दुकानदाराने पहिली काढली ती विजेवरची. प्लग लावा, रंग भरा, चालू करा, कॉम्प्रेसरच नको, घरच्यासाठी एकदम सोपी. नात म्हणाली, "ती ग्रिलला ठीक आहे. टाकीवर रंग जाड पडेल, संत्र्याच्या सालीसारखा दिसेल." दुकानदाराने ती परत खोक्यात घातली. मी दुसरीकडे बोट दाखवलं. खाली मोठं भांडं, वर नळी, तुमची होती तशीच. मी म्हटलं, "ही. माझ्या डोळ्यांनी बघितलीय चालताना." नात म्हणाली, "आजी, खालच्या भांड्यातून रंग वर ओढायला हवा भरपूर लागते. आपल्याकडे पंक्चरवाल्याचा भाड्याचा छोटा कॉम्प्रेसर. तो दम टाकेल." तिला पाहिजे होती तिसरी, हाताएवढी, भांडं डोक्यावर, रंग आपल्या वजनाने खाली उतरणारी. मी म्हटलं, "डोक्यावर कळशी घेऊन वाकलं की काय होतं माहितीये ना?" ती म्हणाली, "कळशीला झाकण असतं का?" मिस्त्री, पोरगी माझ्यावर गेलीय.

मी दुकानदाराला म्हटलं, आमचं असं मिटायचं नाही, पाणी भर आणि पुठ्ठ्यावर उडवून दाखव. तो म्हणाला, आम्ही असं दाखवत नाही. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, आम्हाला घाई नाही. मग दाखवलं. त्याच्या दुकानातल्या छोट्या कॉम्प्रेसरवर खालच्या भांड्याची गन मधेच खोकायची, पुठ्ठ्यावर थुंकल्यासारखे ठिपके. वरच्या भांड्याचा फवारा केळीच्या पानासारखा लांबट आणि दोन्ही टोकांना सारखा. मी ती हातात घेऊन मनगट फिरवून बघितलं. हलकी. आतली सुई काढायला लावली, उजेडाकडे धरून सरळ आहे का बघितलं, त्याच्याकडे वायसर सुटे मिळतात का विचारलं. प्रायमरला मोठ्या भोकाचं तोंड आणि रंगाला बारीक, हे नातीने विचारलं, मला ते माहीत नव्हतं, तुम्ही एकाच तोंडाने सगळं निभावायचात. मग मी म्हटलं, "हीच दे, मी आल्यापासून हीच बघतेय." नातीने हसू दाबत पैसे काढले. वर मी तोंडाचा मास्कही घ्यायला लावला, चांगला, डब्या लावलेला. तुम्ही तोंडाला फडकं बांधायचात आणि बिडी ओढायला तेच खाली सरकवायचात, त्यात छातीचं पुढे काय झालं ते मी बघितलंय.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर जुन्या साड्यांचा आडोसा केला. खालून सेक्रेटरी ओरडले, "आजी, गच्चीवर काय चाललंय?" मी म्हटलं, "पापड." नातीने पोचा लांबीने भरला, आम्ही दोघींनी घासलं, प्रायमर मारला. प्रायमर असा बसला की मलाच नवल वाटलं. तिचा हात सरळ जातो, टोकाला थांबत नाही, टाकीच्या बाहेर जाऊन परत येतो, जसा तुमचा जायचा. कुठून शिकली? म्हणे व्हिडिओ. मग परत बारीक पेपर मारला, फडक्याने पुसलं, आणि अष्टमीच्या संध्याकाळी ती रंग कालवत असताना मी डोळे मिटून टाकीवरून तळवा फिरवला. अख्खी टाकी, वरून, बाजूने, पोटाखालून. म्हटलं, दगड नाही, मार. तिने निळा रंग भरला, पहिला हात मारला, आणि आम्ही दोघी बघत असताना रंग फाकायला लागला. सगळीकडे. माशांचे डोळे.

नात मास्क काढून खालीच बसली. म्हणाली, "गन चुकली. तुझं ऐकायला हवं होतं, खालच्या भांड्याची घ्यायला हवी होती." मग म्हणाली, कॉम्प्रेसरमध्ये पाणी असेल. मग म्हणाली, रंगच बोगस असेल. दुसऱ्या दिवशी नवमी, रविवार, आणि सकाळी तो टाकी बघायला येणार. मी तिला काही म्हणणार तेवढ्यात कपाळावरची बट मागे सारली आणि हात जागच्या जागी थांबला. मिस्त्री, शेड सुटल्यापासून मी डोक्याला रोज खोबरेल लावते. वसूल करते म्हणा. मी तळवा नाकाशी नेला. मग म्हटलं, "गन बरोबर आहे. रंगही बरोबर आहे. माझ्या डोक्याचं तेल आहे." ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तूच तर मला सांगितलं होतंस हातमोजे घाल." मी म्हटलं, "तुला सांगितलं होतं. मला कोण सांगणार?" खाली जाऊन सुनेला सांगितलं तर ती ओट्याला धरून इतकी हसली की कुकरची शिट्टी मोजायची राहिली आणि भाताचा गिचका झाला. मुलगा म्हणाला, आई, निदान उद्या तू काही बोलू नकोस. मी म्हटलं बरं.

सकाळी तो आला. नातीने त्याला सरळ गच्चीवर नेलं आणि टाकीवरचं फडकं काढलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, माझा मुलगा माझ्या मागे. नात म्हणाली, "मी आधी कधी टाकी केलेली नाही. हेल्मेट केलं होतं. तेही चिकटतं." तो वाकून खड्डे बघत राहिला. माझ्या मुलाने पुढे व्हायला पाय उचलला, मी त्याचा लेंगा धरला. मग सरळ होत पाहुणा म्हणाला, "म्हणजे पहिलाच प्रोजेक्ट माझा?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मला वाटलं होतं, निदान दुसरी-तिसरी असेल." मग टाकी उचलून उलटी करून बघितली, खाली ठेवली, आणि म्हणाला, "माझ्या आईने तुम्हाला सांगितलं ना, याला स्वयंपाक येतो? मला मॅगी येते." नात हसली नाही. म्हणाली, "ते ठीक आहे, पण उद्या दसरा आहे. टाकी न्यायची का ठेवायची?" त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, आता काय करायचं असतं?"

मुलाला दिलेला शब्द मी तिथपर्यंतच पाळला. म्हटलं, "आधी केसांना काय चोपडलंय ते धुऊन ये." म्हणाला, "जेल आहे." मी म्हटलं, "ते तेलाचंच चुलतभावंड." होणारा जावई, झाला तर, आमच्या मोरीत साबणाने डोकं धुतोय आणि सून बाहेर टॉवेल घेऊन उभी, हे बघून माझा मुलगा पेपर तोंडासमोर धरून बसला तो उठलाच नाही. मी पण डोकं धुतलं, शिकेकाईने, दोनदा. मग आम्ही तिघं बादली घेऊन बसलो. त्याला घासता येत नव्हतं, एकाच जागी खड्डा पाडत होता. मी सांगितलं, ढोकळा कापत नाहीयेस. नातीने त्याचा हात धरून गोल कसा फिरवायचा ते दाखवलं, आणि ते दाखवणं जरा लांबलं, तेव्हा मी बादलीतलं पाणी बदलायला गेले. दुपारी उन्हात थिनरच्या फडक्याने पुसून, मोजे घालून, तिने परत रंग मारला. दोन हात, मग तिसरा, मग वरून चकाकीचा पारदर्शक हात. एक डोळा उमटला नाही. तो कॉम्प्रेसरजवळ उकिडवा बसून काटा बघत होता आणि दर थोड्या वेळाने "हवा आहे, हवा आहे" म्हणत होता, कुणी विचारलं नव्हतं तरी.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी आमच्या फाटकासमोर उभी. सेक्रेटरीसुद्धा टाकीवरून बोट फिरवून गेले. नात मागे बसली आणि दोघं सोनं वाटायला निघाली, ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत. पुढच्या आठवड्यात तिने त्याच्या आईला स्वतः फोन करून सांगितलं की रंगवणं मला तेव्हा येत नव्हतं, आता येतं. त्या म्हणाल्या, मग पुरणपोळीचंही तसंच करू. लग्नाची बोलणी दिवाळीनंतर. तुम्हाला पत्रिका पाठवायची तर पत्ता नाही, आणि हा कागदही कुठे टाकणार? त्या काचेच्या इमारतीत मलाच सोडत नाहीत, याला कोण सोडणार. राहील उशीखाली, सून चादर बदलेल तेव्हा वाचेल आणि नाही वाचलं म्हणेल.

एक मात्र राहिलं. चकाकीचा शेवटचा हात झाल्यावर तो मुलगा पाणी प्यायला खाली गेला, आणि ती "आजी, धर जरा" म्हणून गन माझ्या हातात देऊन त्याच्या मागे. कॉम्प्रेसर चालू होता. भांड्यात थोडं उरलं होतं. तुमच्या शेडमध्ये मी गन कधी मागितली नाही आणि तुम्ही कधी दिली नाहीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण इतकी वर्षं बघून बघून मला वाटायचं की त्यात आहे काय, घोडा दाबायचा आणि हात फिरवायचा. टाकीचा मागचा कोपरा मला जरा कमी वाटला. मी दाबला घोडा. हात फिरायच्या आत चकाकीचा थर तिथे जमा झाला आणि ओघळला, चांगला बोटभर. जिन्यात पाय वाजले, मी गन खाली ठेवली. नात म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तो ओघळ बरोबर सीटखाली जातो. तो मुलगा रोज त्याच्यावर बसून हिंजवडीला जातो, आणि हे अजून कुणाला माहीत नाही.